‘यू यू’ : एक रसग्रहण

कुत्र्याला घालवून देण्याच्या बाबतीत मराठी भाषा फार समृद्ध आहे. ‘हाड’ आहे, ‘हुड’ आहे, तोंडातून अक्षर न काढता नुसता दगड उचलल्याचा अभिनय आहे; आणि हा सगळा माल एकत्र करून तयार झालेली ‘हाडहुड’ तर आपण नकोशा पाहुण्यांसाठीसुद्धा वापरतो. कुत्रं दुसऱ्याच्या अंगावर सोडायचं असेल तर ‘छू’ आहे. म्हणींत शिरलात तर बिचाऱ्याचं शेपूट नळीत घालून झालेलं आहे, आणि धोब्याच्या घरातून व घाटावरून अशी दोन्हीकडून त्याची हकालपट्टीही झालेली आहे. पण तेच कुत्रं जवळ बोलवायचं म्हटलं, की आपल्या शब्दसंपत्तीचं एकदम दिवाळं वाजतं. उरतं फक्त ‘यू यू’. दोनच अक्षरं, त्यातही दुसरं म्हणजे पहिल्याची नक्कल.

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची तर ते न वाचताही होते. हाक या वाङ्मयप्रकाराकडे मात्र कोणाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. वास्तविक हा एकच वाङ्मयप्रकार असा आहे, की कृती साधली की फसली याचा निकाल तीन सेकंदांत लागतो. कुत्रं आलं तर साधली, नाही आलं तर फसली. ‘रसिकांची अभिरुची खालावली आहे’ असं म्हणून हात झटकायची इथे सोय नाही. कदाचित म्हणूनच आमचे समीक्षक या बाजूला फिरकले नसावेत.

या अभ्यासाला बोईसरइतकी योग्य जागा महाराष्ट्रात सापडायची नाही. कारण हाक एकाला मारायची आणि ‘ओ’ दुसऱ्याने द्यायची, ही इथली जुनी चाल आहे. औद्योगिक वसाहत तारापूरची, पण गाडीतून उतरायचं बोईसरला. अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरचं म्हणून प्रसिद्ध, पण तिथल्या नोकरदारांची वसाहत बोईसरला. आणि खुद्द तारापूर गाव आपला जुना किल्ला सांभाळत चिंचणीच्या शेजारी शांत बसलेलं आहे. त्याला कोणी हाक मारलेली नाही आणि त्याचं काही अडलेलंही नाही. आम्ही सगळे ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्हा या नावाला ‘ओ’ देत होतो, दुसऱ्या दिवशी सकाळपासून पालघर या नावाला द्यायला लागलो. ज्या मुलखात माणसांचीच ही अवस्था, तिथे कुत्र्याने पहिल्या हाकेला यावं ही अपेक्षाच मुळात धाडसाची.

शिवाय प्रलोभनं! इंग्रजी पुस्तकांतल्या कुत्र्यापुढे प्रलोभन म्हणजे एक खार. तीही झाडावर. आमच्या रस्त्यावर सकाळी सात वाजता शेळ्या असतात, कोंबडीवाल्याचं दुकान उघडत असतं, वडापावच्या गाडीखाली कालचा ऐवज पडलेला असतो, पहिल्या पाळीच्या कामगारांचे डबे असतात, आणि पश्चिमेचा वारा सुटला तर समुद्रावरच्या वाळत्या बोंबलांचा वास साऱ्या बोईसरला आमंत्रण देत असतो. त्यात नवापूर नाक्यावर मराठी, गुजराती, हिंदी, वारली, भोजपुरी अशा पाच भाषांत कोणी ना कोणी ‘ये’ म्हणत असतं. इथलं कुत्रं बहुभाषक असतं, आणि ज्या भाषेत बिस्किट मिळेल ती त्याची मातृभाषा असते.

माझ्याकडे कुत्रा नाही. समीक्षकाकडे स्वतःची कविता नसते, त्यातलाच हा प्रकार. पण पहिल्या मजल्यावरची गॅलरी आहे, आणि खाली तळमजल्यावर कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे साहेब आणि त्यांचा सीझर आहे. सीझर लॅब्रेडोर. साहेबांच्या घरात माणसं चार, आणि सीझरला बोलावण्याच्या हाकाही चार. साहेब म्हणतात, ‘सीझर, कम!’ वहिनी म्हणतात, ‘ये रे माझ्या सोन्या!’ आजी म्हणतात, ‘शिझ्या मेल्या, इकडं मर!’ चिरंजीव मोबाईलवरची नजर न काढता शीळ घालतात. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासात याला पाठभेद म्हणतात. एका ओवीचे चार पाठ मिळाले की संशोधक चाळीस पानं लिहितो. सीझरने चार पाठ मिळाल्यावर प्रमाण संहिता निघेपर्यंत जागेवर बसून राहायचं ठरवलं, यात त्याचं काय चुकलं?

रसांच्या दृष्टीने पाहिलं तर साहेबांची हाक वीररसाची. पहिल्या ‘कम’मध्ये सेनापतीचा आवेश असतो. पण सीझर वडापावच्या गाडीखालून मान वर करत नाही, आणि साहेबांचा वीर हळूहळू करुणाकडे झुकत जातो. ‘कम... कम... कम ना... अरे कम...’ यात पुनरुक्तीचा दोष तर आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की सीझरच्या समजुतीप्रमाणे मूळ शब्द ‘कमकमकमकमकम’ असा आहे. तो पुरा होण्याआधी जागचं हलणं, म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य तोडण्यासारखं. सीझर खानदानी कुत्रा. तो वाक्य संपायची वाट पाहतो.

आता अर्थाकडे येऊ. आपल्या काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधा म्हणजे कोशातला अर्थ, लक्षणा म्हणजे वळसा घालून आलेला, आणि व्यंजना म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात दडलेला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काश्मिरात बसून सांगितलं, की काव्याचा आत्मा म्हणजे ध्वनी, हा सुचवलेला अर्थ. माणसांच्या बाबतीत यावर अजून वाद आहेत. कुत्र्यांच्या बाबतीत नाहीत. कुत्र्याकडे कोश नसतो. ‘ये’ म्हटल्यानंतर पुढच्या अर्ध्या मिनिटात जे घडतं, तोच त्याच्या लेखी ‘ये’चा अर्थ.

मी गॅलरीतून एक आठवडाभर टिपण ठेवलं. सीझरला ‘ये’ म्हणून बोलावलं गेलं ते असं : रविवारी गोचिडांच्या साबणाने अंघोळ घालायला. सोमवारी जंताचं औषध पाजायला. मंगळवारी पाहुणे आले म्हणून मागच्या खोलीत बांधायला. बुधवारी चिरंजीवांच्या चपलेचा जाब विचारायला. गुरुवारी नखं कापायला. शुक्रवारी आणि शनिवारी मैदानावर खेळ ऐन रंगात आलेला असताना घरी न्यायला. सात दिवसांत सहा अर्थ, आणि सहाही ऐकणाऱ्याच्या विरुद्ध. सीझर हाक समजत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बोईसरमध्ये ती हाक समजणारा तो एकटाच रसिक होता.

यातही शेवटचा प्रकार फार वाईट. खूप वेळाने, मनाशी झगडून, शेळ्या सोडून कुत्रं एकदाचं येतं. आणि मालक त्याला दोन फटके देतो, का, तर उशीर केला म्हणून. मालकाच्या हिशेबात शिक्षा उशिराची असते. कुत्र्याच्या हिशेबात मात्र फटक्याच्या आधी केलेलं शेवटचं काम म्हणजे येणं. शिक्षा त्या येण्याला चिकटते. पुढच्या वेळी ते अधिक उशिरा येतं, मग फटके चार बसतात. असे संप्रदाय वाढत जातात.

हा दोष आपल्याकडे आजचा नाही. महाभारताच्या आरंभीच एक कुत्रं मार खातं. जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं, तिथे देवशुनी सरमेचं पोर जातं, आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. पोर आईला सांगतं, की मी हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरमा थेट सत्रात जाऊन जाब विचारते आणि शाप देते. ज्या ग्रंथाच्या शेवटी धर्मराज एका कुत्र्यापायी स्वर्ग नाकारायला निघतो, त्याची सुरुवात कुत्र्यावरच्या अन्यायाने व्हावी, यावर आमच्या कीर्तनकारांनी पुरेसं निरूपण केलेलं नाही. आणि धर्मराजाचं ते कुत्रंसुद्धा, लक्षात घ्या, कोणी हाक मारून बोलावलेलं नव्हतं. ते आपण होऊन मागे आलं होतं.

प्रलोभनांचा प्रश्न तर ऋग्वेदाइतका जुना. दहाव्या मंडलातल्या एकशे आठव्या सूक्तात हीच सरमा इंद्राची दूत म्हणून पळवलेल्या गायी शोधत पणींच्या मुलखात पोचते. पणी तिला म्हणतात, परत जाऊ नकोस, आमची बहीण हो, गायींतला वाटा घे. सरमा ठाम नकार देते. प्रलोभनाला तोंड दिल्याचं यापेक्षा जुनं प्रमाणपत्र दुसऱ्या कुत्र्याजवळ असेल असं वाटत नाही. पण नंतरच्या बृहद्देवतेत हीच कथा निराळी येते. तिथे सरमा पणींचं दूध पिते, इंद्राने विचारल्यावर गायी दिसल्याच नाहीत म्हणते, आणि इंद्र तिला लाथ मारतो. दूध बाहेर पडतं. आणि भ्यालेली सरमा पळते कुठे? तर परत पणींकडे! लाथ खाल्लेलं कुत्रं मालकाच्या दिशेने धावत नाही, हे आमचे पूर्वज स्पष्ट लिहून गेले आहेत. इंद्राचं नशीब थोर, म्हणून माग काढत गेल्यावर त्याला गायी मिळाल्या. साहेबांना तेवढंही मिळत नव्हतं.

पाश्चात्त्यांनी हे जरा उशिरा पण व्यवस्थित मांडलं. १९०४ साली नोबेल मिळवणाऱ्या पाव्हलॉव्हला ते मिळालं पचनसंस्थेवरच्या कामासाठी; पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याच्या कुत्र्यांची लाळ. अन्नाशी ज्याची जोडी जमेल तो आवाज अन्नाइतकाच गोड होतो, हा त्यातला मथितार्थ. अमेरिकेच्या कॅरन प्रायर बाईंनी १९६०च्या दशकात हवाईला डॉल्फिन शिकवले आणि तो अनुभव १९८४ साली पुस्तकात मांडला. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, आणि त्याला रागावलं तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. तेव्हा हातात उरते एक शिट्टी आणि एक मासा. एवढ्या भांडवलावर काम भागतं, कारण प्रत्येक शिट्टीमागे मासा असतो आणि शिट्टी खोटं बोलत नाही.

हे सगळं मी साहेबांना वेळोवेळी गॅलरीतून सांगत असे. साहेब ‘हो का?’ म्हणत आणि पुन्हा ‘कम कम’ सुरू करत. समीक्षेचा लेखकांवर होतो तितपतच परिणाम.

मग एका डिसेंबरात, सकाळी सातच्या सुमारास, दूधवाल्याने फाटक उघडं टाकलं. रस्त्यापलीकडे शेळ्या होत्या. सीझर सुटला. एमआयडीसीच्या रस्त्याने टँकर येत होता. साहेब ओरडले, वहिनी ओरडल्या, आजी ओरडल्या, चिरंजीवांनी शीळ घातली. चारही पाठ एकदम. मी वरून स्पष्ट पाहिलं : सीझरचा एक कान वळला. कान वळला, पाय वळले नाहीत.

टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. मागच्या पायाला प्लॅस्टर पडलं ते सहा आठवडे राहिलं. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्याने साहेबांना विचारलं, ‘साब, कुत्ता बहरा है क्या?’ कोणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या मजल्यावर बिस्किटाचा पुडा फाटला तर तळमजल्यावर ज्याचे कान उभे राहतात, तो काय बहिरा? त्याला ऐकू आलं होतं. ऐकून त्याने वर्षभराच्या अनुभवावर विचार केला होता, आणि त्या वेळी टँकरपेक्षा आमची हाक त्याला अधिक धोक्याची वाटली होती. वहिनी रस्त्यातच बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होत्या. रस वगैरे काही सुचण्याची ती वेळ नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी दांडीला सुके बोंबील आणायला गेलो, तेव्हा साहेबही बरोबर आले. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातलेले, आणि भोवती गावची सगळी कुत्री. एक मावशी त्यांना खास मराठी शब्दसंपत्तीने वाटेला लावत होत्या. त्यांचं स्वतःचं एक पिवळं गावठी कुत्रं पलीकडे, जाळ्यातल्या टाकाऊ मासळीवरून कावळ्यांशी भांडत होतं. मावशींनी एकदा, फक्त एकदाच, ‘यू यू’ केलं. कुत्रं कावळे सोडून, मासळी सोडून, वाळू उडवत आलं. मावशींनी त्याला एक मुंडकं दिलं, कानामागे खाजवलं आणि म्हटलं, ‘जा.’ ते पुन्हा कावळ्यांकडे गेलं.

साहेब बघतच राहिले. त्यांनी विचारलं, ‘मावशी, हे तुम्ही शिकवलंत कसं?’ मावशी बोलल्या मांगेलीत. मी माझ्या मराठीत सांगतो. ‘भाऊ, त्यात काय शिकवायचं? बोलवायचं ते द्यायला बोलवायचं. बांधायचं असेल, धुवायचं असेल, तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. बोलवून मारलं तर माणूस तरी परत येईल का?’

आनंदवर्धन, पाव्हलॉव्ह आणि प्रायर बाई तीन वाक्यांत आटोपल्या. साहेबांनी बोंबील अर्धा किलो घ्यायचे ते दोन किलो घेतले.

प्लॅस्टर निघाल्यावर साहेबांनी काम हाती घेतलं ते कारखान्यातल्या शिस्तीने. ‘कम’ हा शब्द निवृत्त झाला. इतक्या वेळा फसवलेला शब्द दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेतलेला स्वस्त पडतो. नवा शब्द ठरला ‘यू यू’, आणि घरातल्या चौघांसाठी तीच प्रमाण संहिता. हाक एकदाच मारायची. सुरुवात स्वयंपाकघरात, जिथे सीझरला येण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. आला की बोंबलाचा तुकडा. कधी लहान, कधी मोठा, कधी अख्खा बोंबील, आणि काय मिळणार ते आधी कळू द्यायचं नाही. हे मटक्याचं तत्त्व आहे. ठरलेल्या पगारावर माणूस जांभया देत काम करतो, पण आकडा लागेल या आशेवर रोज उठून जातो.

त्यानंतर गॅलरीखालचं अंगण, मग पहाटेचं मोकळं मैदान, गळपट्ट्याला दहा मीटरची दोरी. हाक मारून सीझर वळला नाही, तर साहेब पुन्हा हाक मारत नसत. उलट्या दिशेला पळत सुटत. पासष्टीचे गृहस्थ खिशात बोंबील घेऊन मागे मागे पळतात हे दृश्य पाहायला पहिल्या पाळीचे कामगार थांबू लागले. पण पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याच्या रक्तात असतं. सीझर धावत येई, तुकडा खाई, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साहेब त्याला ‘जा’ म्हणून परत खेळायला सोडत. दहातून आठ वेळा ‘यू यू’चा अर्थ ‘खेळ संपला’ असा होत नसे. घरी न्यायची वेळ झाली की साहेब स्वतः चालत जाऊन साखळी लावत. अंघोळीलाही मावशींचाच नियम.

शेळ्या सर्वांत शेवटी आल्या. आधी शंभर पावलांवरून, मग पन्नास, मग वीस. एखाद्या दिवशी जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नासवर. तीन महिन्यांत सोसायटीच्या लिफ्टला बोंबलाचा कायमचा वास लागला, दोन लेखी तक्रारी आल्या, आणि साहेब जिन्याने निघाले की मागे तीन मांजरं चालू लागली. प्रत्येक नव्या वाङ्मयीन चळवळीला सनातन्यांचा विरोध होतोच.

एप्रिलच्या एका संध्याकाळी आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर होतो. ओहोटी होती, पोरं चेंडू खेळत होती, भेळवाला होता, आणि सीझर एका अनोळखी कुत्र्याबरोबर लाटांच्या कडेने सुसाट धावत होता. साहेबांनी सहज बोलावं तसं म्हटलं, ‘यू यू.’ सीझर वाळूत गर्रकन वळला आणि आला. किंचित लंगडत, पण थेट. साहेबांनी त्याला अख्खा बोंबील दिला आणि म्हटलं, ‘जा.’ मग बराच वेळ ते चष्मा पुसत होते. वाळू गेली असेल.

एवढं होऊनही एमआयडीसीच्या रस्त्यावर सीझरच्या गळ्यात साखळी असतेच, आणि मी तिचं समर्थन करतो. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. दहातून नऊ वेळा येणारं कुत्रं किनाऱ्यावर उत्तम, टँकरसमोर अपुरं. पण साखळी कधीतरी हातातून सुटते, फाटक कधीतरी उघडं राहतं, आणि त्या एका सकाळसाठी बाकीच्या सगळ्या सकाळी खरं बोलून ठेवावं लागतं. हाकेची पत आधी जमवावी लागते. गरज पडल्यावर ती उसनी मिळत नाही.

या सिद्धान्ताचा उपयोग कुत्र्यांपुरता आहे असं वाटत असेल, तर आमच्या वहिनींना विचारा. पूर्वी त्या ‘जेवायला या’ म्हणत, आणि साहेब पोचले की आधी सिलिंडर हलवून मागत, मग माळ्यावरचा डबा, मग पंख्याची जळमटं. साहेबांना चार हाका लागायच्या. हल्ली वहिनी सिलिंडर हलवायचा असेल तर बाहेरच्या खोलीत जाऊन तसं सांगतात, आणि जेवायची हाक जेवणासाठीच ठेवतात. साहेब पहिल्या हाकेला उठतात. त्यांच्या मागोमाग सीझर.